फार काही न करणारं यंत्र
(सॉलिड स्टेट प्रीअँपवरच्या पुस्तकाची प्रस्तावना)

स्पीकर, टर्नटेबल, पॉवर अँप यांवरून हाय-फायवाले तासन्‌तास भांडू शकतात. प्रीअँपचा विषय निघाला की मात्र गप्पा एक तर गूढवादाकडे वळतात, नाही तर किमतीकडे. स्पीकरचा कोन हलताना दिसतो, रेकॉर्ड फिरते, पॉवर अँपवर हात ठेवला तर तापलेला लागतो. प्रीअँपची पेटी नुसती बसून असते. पुढे दोन-तीन नॉब, मागे सॉकेटांच्या रांगा. असल्या मुक्या वस्तूला कुठलाही गुण चिकटवता येतो. कुणी म्हणतो आवाज 'मोकळा' झाला, कुणी म्हणतो 'गोड' झाला, आणि खोटं ठरवायला कुणी पुढे येत नाही.

पुढच्या पानांत या पेटीचं झाकण उघडलं आहे. विषय घरच्या उत्तम दर्जाच्या साउंड सिस्टीममधल्या सॉलिड स्टेट प्रीअँपचा आहे, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टर आणि आयसींवर चालणाऱ्या प्रीअँपचा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. सिग्नल स्वच्छपणे मोठा करणं हा प्रश्न १९८० च्या दशकातच जवळजवळ सुटला. आज प्रीअँप चांगला किंवा वाईट ठरतो तो आवाजाच्या नॉबवर, अर्थिंगवर, वीजपुरवठ्यावर आणि रेकॉर्ड वाजवणार असाल तर फोनो स्टेजवर. महागड्या प्रीअँपमधला बराचसा पैसा यांतल्या कशावरच खर्च झालेला नसतो. तो पुढच्या जाडजूड अॅल्युमिनियमच्या पट्टीत असतो.

आधी आकडे पाहू, कारण सगळं भांडण आकड्यांनी सुरू होतं. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट येतात. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज त्याहून हळवं, ते ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टवर थांबतं. सीडी प्लेअर किंवा आजचा डॅक मात्र थेट २ व्होल्ट देतो, आणि बहुतेक पॉवर अँपना पूर्ण ताकदीनं वाजायला १ व्होल्टच्या आसपास पुरतो. म्हणजे रेकॉर्डच्या सिग्नलला शेकडो ते हजारो पट मोठं करायचं, आणि सीडीच्या सिग्नलला चक्क लहान करायचं. एकाच पेटीकडून या दोन उलट अपेक्षा आहेत. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा काही चतुर मंडळींनी विचारलं, की लहानच करायचं असेल तर ट्रान्झिस्टर हवेतच कशाला? एक निवड-स्विच आणि एक पॉट (आवाजाच्या नॉबमागचा बदलता रोध) डब्यात घाला, झालं. त्यालाच पॅसिव्ह प्रीअँप म्हणतात, आणि त्याचे भक्त आजही आहेत.

त्यांचा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही, पण त्यात एक बारीक खोट आहे. पॉट मधल्या स्थितीत असताना त्याचा आउटपुट रोध त्याच्या एकूण रोधाच्या चौथाईपर्यंत चढतो. ५० किलोओहमचा पॉट असेल तर साडेबारा किलोओहम. पुढे पाच मीटर केबल जोडली आणि तिची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅराड धरली, तर २० किलोहर्ट्झवर सुमारे २ डेसिबल गळून जातात. वरचा स्वर किंचित बोथट होतो आणि ऐकणारा त्याला 'अॅनालॉग गोडवा' म्हणतो. १० किलोओहमचा पॉट घेतला की तीच गळती ०.१ डेसिबलवर येते. केबल आखूड आणि पॉट कमी रोधाचा असेल तर पॅसिव्ह डबा उत्तम चालतो. नाही तर पॉटनंतर एक साधा बफर हवाच, आणि बफर आला की आपण पुन्हा सॉलिड स्टेट प्रीअँपच्याच दारात उभे.

ट्रान्झिस्टर या दारात सुखासुखी आला नाही. बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी १९४७ च्या डिसेंबरात तो चालवून दाखवला, तरी पुढची दहा-बारा वर्षं घरच्या ऑडिओत राज्य व्हॉल्व्हचंच होतं. न्यूयॉर्कच्या सॉल मॅरँट्झ यांचा मॉडेल ७ हा प्रीअँप १९५८ चा. सिडनी स्मिथ यांचं डिझाइन, सहा १२एएक्स७ व्हॉल्व्ह. आजही लोक त्याच्या नकला बनवतात. आत दोन-अडीचशे व्होल्टचा पुरवठा असल्यामुळे सिग्नल कितीही उसळला तरी त्याला डोकं वर काढायला जागा होती. सुरुवातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर त्यापुढे गरीब बिचारे. तापमान वाढलं की त्यांची गळती वाढायची, आणि स्वतःची सूंऽऽ अशी खरखर ते कायम सोबत बाळगायचे. साठच्या दशकात प्लेनर पद्धतीचे सिलिकॉन ट्रान्झिस्टर हाती आले तेव्हा ही दोन दुखणी गेली. तिसरं राहिलं.

हे तिसरं दुखणं समजून घेतलं की 'ट्रान्झिस्टरचा आवाज कोरडा' या जुन्या तक्रारीचं मूळ सापडतं. त्या काळच्या बहुतेक फोनो स्टेज दोन ट्रान्झिस्टरांच्या होत्या. दुसऱ्याच्या कलेक्टरवरून पहिल्याच्या एमिटरवर फीडबॅक, पुरवठा वीसेक व्होल्टचा. दोनच ट्रान्झिस्टर असल्यामुळे एकूण गेन मोजका. खालच्या स्वरांना रेकॉर्डच्या नियमाप्रमाणे (तो पुढे येईलच) हजाराच्या घरात गेन द्यावा लागतो, तेव्हा चुका सुधारायला फीडबॅक उरतच नाही. वरच्या स्वरांना उलटी अडचण: फीडबॅकच्या जाळ्याचा रोध इतका उतरतो की दुसऱ्या ट्रान्झिस्टरला तो ओझ्यासारखा ओढत न्यावा लागतो. रेकॉर्डवर टिचकीसारखा ओरखडा आला की स्टेज तिथेच ओव्हरलोड. दोष ट्रान्झिस्टरचा नव्हता, कंजूषपणाचा होता. लॅमिंग्टन रोडवरून बीईएलचे बीसी१४८ आणून घरी अँप जोडणाऱ्या पिढीनं अशीच सर्किटं बांधली, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कानात ट्रान्झिस्टरबद्दलची अढी तेव्हाच बसली. ती अजून निघालेली नाही.

या अढीला विज्ञानाचं बळ मिळालं ते १९७० मध्ये. फिनलंडच्या मॅटी ओटाला यांनी दाखवलं, की भरपूर निगेटिव्ह फीडबॅक असलेला पण चालीनं मंद असलेला अँप्लिफायर अचानक आलेल्या उंच सिग्नलला क्षणभर गुदमरतो. निगेटिव्ह फीडबॅक ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी कल्पना. हॅरॉल्ड ब्लॅक यांना ती १९२७ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत कामावर जाताना सुचली आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनी ती उतरवली. (लोकलच्या गर्दीत असं काही सुचलं तर लिहायला कोपर तरी हलवता येईल का, हा प्रश्न निराळा.) ओटाला यांच्या निबंधानंतर हाय-फायच्या दुनियेत फीडबॅक ही शिवीच झाली. त्यांनी बोट ठेवलं होतं मंदपणावर, लोकांनी धरलं फीडबॅकला. हिशेब करून बघा. ७४१ ही त्या काळची सर्वत्र मिळणारी ऑप-अँप आयसी. तिचा वेग मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. १० व्होल्ट शिखराचा सिग्नल ती ८ किलोहर्ट्झपर्यंतच नीट देऊ शकते, पुढे साइन वेव्हचा त्रिकोण होतो. ऑडिओत ७४१ वापरणं चूकच होतं. पण यातून 'आयसी म्हणजे वाईट' असा निष्कर्ष निघत नाही.

त्याच सुमारास प्रीअँप ही चैनीची वस्तू झाली. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड ३३ हा १९६७ सालचा, लहानसा आणि शहाणा. मागच्या बाजूला उलटसुलट लावता येणारे छोटे बोर्ड होते. कार्ट्रिज बदललं की बोर्ड काढायचा, फिरवून परत घालायचा, संवेदनशीलता बदलली. घासलेल्या रेकॉर्डसाठी उतार बदलता येणारा फिल्टर, आणि सगळे टोन कंट्रोल एका झटक्यात बाजूला करणारं 'कॅन्सल' बटन. हे बटन मला आजही कमालीचं प्रामाणिक वाटतं: यंत्र स्वतःच सांगतंय, नको असेल तर मला मध्ये घेऊ नका. पलीकडे अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये मार्क लेव्हिन्सन यांनी १९७३ मध्ये एलएनपी-२ काढला. पुढच्या पट्टीवर स्टुडिओतल्यासारखे दोन काटेवाले मीटर, वीजपुरवठ्याची पेटी वेगळी, आणि सुरुवातीच्या प्रतींत रिचर्ड बर्वेन यांनी बनवलेली सीलबंद मॉड्यूल्स. 'हाय-एंड' म्हणून आज जो बाजार ओळखला जातो, त्याचं मूळ बरेच जण या पेटीत शोधतात. इंग्लंडच्या सॅलिसबरीत ज्युलियन व्हेरेकर यांच्या 'नेम' कंपनीनं वाटच वेगळी धरली. प्रीअँपला घरच्या विजेची वायरच नाही, पॉवर अँपमधूनच त्याला वीज मिळणार. लेव्हिन्सन आणि व्हेरेकर यांचं एकमेकांशी फारसं काही जुळत नव्हतं, तरी दोघांनी ट्रान्सफॉर्मर प्रीअँपच्या पेटीतून हाकलला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिग्नेटिक्सच्या एनई५५३४ आणि तिची जुळी बहीण ५५३२ या आयसी आल्या. स्टुडिओंच्या मिक्सिंग कन्सोलमध्ये त्या हजारोंनी बसल्या. डग्लस सेल्फ यांनी १९८३ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात 'प्रिसिजन प्रीअँप्लिफायर' छापला आणि दाखवून दिलं, की नीट जोडल्या तर या स्वस्त आयसींची डिस्टॉर्शन मोजायलाच चांगलं उपकरण लागतं. त्यावर कुणी नाक मुरडलं तर मी एवढंच विचारतो, की तुमच्या आवडत्या ऐंशीच्या दशकातल्या रेकॉर्डिंगचा सिग्नल स्टुडिओतून बाहेर पडेपर्यंत अशा किती आयसींतून गेला असेल? तुमच्या पेटीतल्या एका-दोघींनी आता काय बाटणार आहे?

सुट्या ट्रान्झिस्टरांना यातून हद्दपार करायचं नाही. एक जागा त्यांची हक्काची आहे. मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा रोध १० ओहमच्या आसपास असतो, त्याची स्वतःची उष्णतेची खरखर अतिशय कमी, आणि ५५३२ ची खरखर तिच्या दसपटीहून जास्त. तिथे कमी बेस-रोधाचे ट्रान्झिस्टर समांतर जोडून बांधलेली इनपुट स्टेज आयसीला सहज मागे टाकते. बाकी ठिकाणी सुटे ट्रान्झिस्टर वापरायचे तर हौसेनं वापरावेत. हौस हे पुरेसं कारण आहे, त्याला शास्त्राचा मुखवटा चढवू नये.

फोनो स्टेजवर या पुस्तकात सगळ्यात जास्त पानं गेली आहेत. रेकॉर्ड कापताना खालचे स्वर दाबून आणि वरचे फुगवून कापतात, नाही तर खालच्या स्वरांची खाच शेजारच्या खाचेत घुसेल आणि वरचे स्वर पृष्ठभागाच्या खरखरीत बुडतील. वाजवताना याच्या बरोबर उलट करायचं. हा करार आरआयएए या नावानं १९५४ पासून रूढ झाला. त्याचे तीन काळ-स्थिरांक ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला जवळजवळ २० डेसिबल खाली. हा वक्र चार-पाच रेझिस्टर आणि कपॅसिटरांनी साधायचा असतो, आणि कपॅसिटर ५ किंवा १० टक्के इकडेतिकडे असतील तर दोन्ही चॅनल वेगळे बोलतात. म्हणून १ टक्क्याचे पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर घ्यावेत. पैसे घालायचे तर इथे.

कार्ट्रिजकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. मूव्हिंग मॅग्नेटच्या गुंडाळीचा इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या घरात असतो. केबल आणि इनपुट मिळून ३०० पिकोफॅराड झाले की त्या दोघांचा मेळ १३ किलोहर्ट्झच्या आसपास बसतो आणि तिथेच आवाजाला उंचवटा येतो. एकच कार्ट्रिज एकाच्या घरी तीक्ष्ण आणि दुसऱ्याच्या घरी शांत का वाटतं, याचं उत्तर पुष्कळदा अॅम्प्लिफायरमध्ये नसून या दीड मीटर वायरमध्ये असतं. शिवाय उन्हाळ्यात वाकलेली रेकॉर्ड काही हर्ट्झचा असा सिग्नल देते जो कानाला ऐकू येत नाही, पण वूफरचा कोन मात्र डोळ्यांना दिसेल इतका आत-बाहेर करत राहतो. त्यासाठी सबसोनिक फिल्टर आहे. काही शुद्धतावादी तो नको म्हणतात. मी तो ठेवला आहे.

आता हम. प्रीअँप बांधणाऱ्यांतले निम्मे लोक इथे हात टेकतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. आरआयएए वक्र ५० हर्ट्झला १७ डेसिबल, म्हणजे सातपट, वर उचलतो. याचा अर्थ फोनो स्टेज हा हम शोधून काढण्यासाठीच बनवला असावा असा एक भाग आहे. पण हमचे प्रकार कानांनी ओळखता येतात. गोल, गुळगुळीत 'हूंऽऽ' असेल तर तो ५० हर्ट्झचा. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये किंवा वायरिंगमध्ये शिरतंय, किंवा टर्नटेबलच्या टोनआर्मची ती बारीक हिरवी किंवा काळी अर्थ वायर प्रीअँपच्या मागच्या स्क्रूला लावायची राहिली आहे. झर्रऽऽ असा करकरीत आवाज असेल तर तो १०० हर्ट्झचा आणि त्याच्या वरच्या पटींचा: रेक्टिफायरमधून कपॅसिटर भरताना जाणारे करंटचे झटके तुमच्या सिग्नलच्या ग्राउंडवरून वाहत आहेत. पहिल्यावर उपाय अंतराचा, दुसऱ्यावर वायरिंगचा. आणि आवाजाचा नॉब पूर्ण खाली केल्यावरही हम तितकाच राहिला, तर गुन्हेगार नॉबच्या पुढे आहे. मागच्या बाजूला उगाच झडती घेऊ नका.

सिस्टीमला टीव्ही जोडलेला असेल तर केबलवाल्याची वायर काढून बघणं ही पहिली चाचणी. त्या कोअॅक्सची जाळी इमारतीतल्या कुठल्या तरी दुसऱ्याच अर्थला जोडलेली असते, आणि ग्राउंड लूप तिथूनच पूर्ण होतो. हम घालवायला तीन पिनी प्लगची अर्थ पिन तोडायची, असा सल्ला दुकानातसुद्धा मिळतो. तो अजिबात ऐकू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटलं तर पेटीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि तुमचा हात नेहमी त्याच पत्र्यावर असतो. जुन्या चाळीत किंवा वाड्यात तिसऱ्या भोकाला मुळात अर्थ आहे का, हेच आधी टेस्टरवाल्याकडून तपासून घ्यावं.

आवाजाच्या नॉबबद्दल लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि हात त्यालाच सगळ्यात जास्त लावतात. स्टीरिओ पॉटमध्ये दोन पट्ट्या एका दांड्यावर असतात. वरच्या भागात त्या एकमेकींशी बरोबर चालतात, पण अगदी खाली, नॉब सात-आठच्या काट्यावर असताना, दोघींत २-३ डेसिबलचा फरक पडू शकतो. रात्री अकरानंतर शेजाऱ्यांचा विचार करून आवाज बारीक केला, की मध्यभागी बसलेला गायक डावीकडे सरकतो, आणि स्पीकर हलवून काही उपयोग होत नाही. यावर वाटा तीन आहेत. स्टेप्ड अटेन्युएटर, म्हणजे प्रत्येक पायरीला मोजलेले रेझिस्टर असलेला रोटरी स्विच. तो चोख, पण पायऱ्या मोजक्या आणि किंमत भारी. रिले किंवा पीजीए२३१० सारखी आयसी, जी अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांनी चढते-उतरते. तीही चोख, मात्र सोबत मायक्रोकंट्रोलर लागतो. तिसरी वाट पीटर बॅक्सँडल यांची, ज्यांचा टोन कंट्रोल १९५२ पासून जगभर वापरला जातो. त्यांच्या अॅक्टिव्ह गेन कंट्रोलमध्ये साधा लिनिअर पॉट फीडबॅकच्या आत बसतो. गेन ठरतो तो पट्टीच्या एकूण रोधावर नाही, नॉब कुठे आहे त्यावर. त्यामुळे दोन पट्ट्यांतला फरक आपोआप रद्द होतो आणि वर लॉग चालही फुकटात मिळते. या पुस्तकातल्या प्रीअँपमध्ये तीच वापरली आहे. इतकी सुंदर युक्ती महागड्या पेट्यांत क्वचितच का दिसते, हे मला कधी कळलेलं नाही.

कानांनी तपासायचं तर तानपुऱ्यापेक्षा चांगलं साधन मला माहीत नाही. एचएमव्हीची एखादी बरी राहिलेली जुनी शास्त्रीय एलपी घ्या आणि आलाप सुरू व्हायच्या आधीचे ते काही सेकंद ऐका. षड्जाची तार छेडल्यावर जवारीतून निघणारे वरचे स्वर एकामागून एक उलगडत विरत जातात. फोनो स्टेज करकर करत असेल तर ते अर्ध्यावरच नाहीसे होतात. हम असेल तर खर्जाला खोटी सोबत मिळते. चॅनल जुळत नसतील तर एकाच तानपुऱ्याचे दोन वाटतात. रेकॉर्डची स्वतःची खरखर सिग्नलच्या ६०-७० डेसिबल खाली असते, त्यामुळे फोनो स्टेज त्याहून पुरेशी शांत असली म्हणजे झालं. लाइन स्टेजची गोष्ट वेगळी. १० किलोओहमच्या रेझिस्टरची उष्णतेची खरखर २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात १.८ मायक्रोव्होल्ट भरते, म्हणजे २ व्होल्टच्या १२० डेसिबल खाली. तेवढा रोध असेपर्यंत त्यापलीकडे निसर्गच जाऊ देत नाही. जाहिरातीत कुणी जात असेल तर जाऊ द्या.

ज्यांच्याकडे फक्त एक डॅक आणि एक पॉवर अँप आहे, त्यांनी हे पुस्तक वाचावं, पण प्रीअँप बांधू नये. डॅकमध्येच व्हॉल्यूम असतो आणि त्यांना तेवढा पुरेल. टर्नटेबल, टीव्ही, टेप डेक असा गोतावळा असलेल्यांसाठी ही पेटी आहे. हातात सोल्डरिंग गन, साधा मल्टिमीटर आणि संयम एवढं असलं की पुरे. ऑसिलोस्कोप मिळाला तर उत्तम. पीसीबीचे नकाशे शेवटी दिले आहेत. सिग्नल आणि पुरवठ्याची ग्राउंड एकाच ठिकाणी मिळतात, ती जागा त्यांत लाल वर्तुळानं दाखवली आहे. तिथला ट्रॅक सरकवू नये.

पहिलं प्रकरण वीजपुरवठ्याचं आहे. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या लोखंडी पेटीत आणि प्रीअँपपासून निदान हातभर लांब, मध्ये तीन वायरींची केबल, रेग्युलेटर मात्र प्रीअँपच्या पेटीत. अधिक-उणे १७ व्होल्ट मिळतात की नाही हे आयसी सॉकेटात घालण्याआधी तपासायचं, आणि दोन्ही रेलवर मल्टिमीटरचा काटा स्थिर दिसल्याशिवाय दुसऱ्या प्रकरणाकडे वळायचं नाही.